पेटंट वैताग

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात फरशी पुसण्याचं एक यंत्र आलं. यंत्र म्हणजे तशी बादलीच. पण तिच्या पोटात भोकाभोकांचं एक भांडं, आणि सोबत एक दांडा, ज्याच्या टोकाला नुकत्याच न्हालेल्या म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या झिपऱ्या. झिपऱ्या पाण्यात बुडवायच्या, भांड्यात ठेवायच्या, दांडा वरून दाबायचा, की त्या गरागरा फिरून स्वतःच पिळल्या जातात. किंमत ऐकल्यावर माझंही साधारण तसंच झालं.

"अहो, पेटंट आहे त्याचं," बायकोनं खोक्यावरचा शब्द बोटानं दाखवला. 'त्याचा मामा आमदार आहे' हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशींनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली, दांडा उचलून पाहिला, पुन्हा ठेवला आणि विचारलं, "कोपरे कोण काढणार?" मग त्यांनी आपलं नेहमीचं फडकं, म्हणजे माझं एके काळचं बनियन, मोरीतून आणलं आणि उकिडवं बसून कामाला सुरुवात केली.

मला मात्र त्या शब्दानं पछाडलं. पेटंट हा शब्द मराठीत कायद्यातून आला खरा, पण रुळला तो काकांमुळे. अमक्या काकांचा पेटंट विनोद, तमक्या आत्याचा पेटंट टोमणा, साहेबांचं 'बघू या' हे पेटंट उत्तर. म्हणजे आपल्याकडे पेटंट ते, जे त्या माणसानं इतक्या वेळा केलेलं असतं की त्यानं तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आपल्याला येतं. कायद्यात नेमकं उलटं. तिथे पेटंट त्यालाच, जे आजवर कोणी केलेलं नाही आणि त्या धंद्यातल्या जाणत्या माणसालाही सहज सुचलं नसतं. आमच्या काकांचा एकही विनोद या कसोटीला उतरत नाही.

पेटंटचे कागद गुप्त असतील अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. सौदाच मुळी असा, की तू तुझी युक्ती जगाला उलगडून सांग; बदल्यात वीस वर्षं ती दुसऱ्या कोणाला वापरू देणार नाही. ज्यांना सांगायचंच नसतं ते या वाटेला जात नाहीत. करकरणाऱ्या बिजागऱ्यांवर मारायचा तो डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा घ्या. १९५३ मध्ये तो तयार झाला, पण त्याच्या कृतीचं पेटंट काही घेतलं नाही. घेतलं तर कृती छापावी लागते. आपल्याकडे लोणच्यांच्या बाबतीत हे धोरण पूर्वापार चालत आलं आहे. वहिनीला सगळं सांगायचं, फक्त मेथी किती आणि केव्हा तेवढं सांगायचं नाही.

तर हे जुने कागद मी वाचू लागलो. जेवणं झाल्यावर लोक मालिका बघतात, मी वस्तऱ्यांची आणि झाडूंची पेटंटं वाचत बसे. त्यांची एक ठरलेली ठेवण असते. आधी पूर्वपीठिका: आज बाजारात काय मिळतं आणि ते कसं कुचकामी आहे. मग बारीक आकडे टाकलेल्या आकृत्या. शेवटी दावे. दाव्यांची भाषा अशी की कंगव्याला कंगवा म्हटलं तर फी परत मागतील. पण खरा जीव पूर्वपीठिकेत. तिथे कायद्याच्या भाषेचा कडक इस्त्रीचा सदरा घालून एक वैतागलेला माणूस बसलेला असतो. धार जाते, डाग निघत नाही, पाणी सांडतं, कंबर धरते, हे सगळं तो अत्यंत सभ्य शब्दांत सांगत असतो. गरज ही शोधाची जननी म्हणतात. घरकामाच्या खात्यात गरज सगळ्यांनाच असते. पोर होतं ते वैतागाला.

किंग कॅम्प जिलेटचंच बघा. किंग हे त्याचं नाव, पदवी नव्हे. हा बाटल्यांची बुचं विकत गावोगाव हिंडणारा विक्रेता. ती बुचं शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला, की लोक एकदा वापरून फेकून देतील असं काहीतरी शोध, म्हणजे ते पुन्हा तुझ्याच दारात येतील. १८९५ मधल्या एका सकाळी जिलेट दाढीला बसला, तर वस्तरा बोथट. चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागण्यासारखा राहिला नव्हता, धार लावायलाच न्यायला हवा होता. त्या वैतागात त्याला पातळ, दुधारी, फेकून देण्याजोगं पातं सुचलं. सुचलं खरं, पण इतक्या पातळ पत्र्याला धार लावायची कशी? पोलादातले जाणकार नाही म्हणाले. पुढे विल्यम निकरसन या इंजिनियरनं ते जमवलं. १९०३ या पहिल्या वर्षी खप झाला ५१ वस्तरे आणि १६८ पाती. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात कुरडयांचा स्टॉल याहून बरा चालतो. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं, क्रमांक ७,७५,१३४, आणि मग हळूहळू जगभरचे गाल त्याच्या ताब्यात गेले. मौज अशी, की याच माणसानं १८९४ मध्ये एक पुस्तक लिहून धंद्यातल्या स्पर्धेला सगळ्या पापांचं मूळ ठरवलं होतं. साऱ्या अमेरिकेनं नायगाऱ्याच्या जवळ, त्या धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच अवाढव्य नगरीत राहावं आणि एकाच मंडळीनं सगळ्यांसाठी सगळं बनवावं, अशी त्याची योजना होती. नगरी राहिली, 'एकाच मंडळीनं' एवढं लक्षात राहिलं. आणि पात्याच्या वेष्टनावर छापलेला त्याचा चेहरा? चांगला मिशाळ.

पेंटरसाहेबांचा सल्ला मात्र आमच्या घराच्या उंबऱ्यावर येऊन मेला. वापरा आणि फेका! आमच्या वडिलांचं पातं पहिला आठवडा गालावर चाले. धार गेली की ते काचेच्या ग्लासात आतून, बोटानं दाबून, गोल गोल घासलं जाई. आणखी चार दाढ्या. मग ते आईकडे जाई, शिवण उसवायला. मग मधोमध मोडून अर्धं माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीसाठी, अर्धं भावाच्या. त्यानंतर खिडकीच्या काचेवरचे रंगाचे ठिपके खरवडायला. शेवटी गंजून तांबूस झालेलं ते पातं कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं असे, "असू दे, लागतं." एका पात्यानं पाच खाती सांभाळली, आणि अमेरिकेत एक माणूस आपण ते पुन्हा कधी घ्यायला येतो याची वाट बघत राहिला.

या शतकाच्या सुरुवातीला जिलेटच्याच कंपनीनं भारतीयांसाठी एक नवा वस्तरा काढला. तो आधी अमेरिकेत, एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला. मुलं खूश. वस्तरा इकडे आला आणि दोन पात्यांच्या फटीत केस अडकून बसू लागले. कारण काय, तर त्या विद्यार्थ्यांच्या खोलीत नळाला धो धो पाणी होतं, आणि इकडे माणूस जमिनीवर बसून, खिडकीच्या गजाला आरसा टेकवून, पेलाभर पाण्यात अख्खी दाढी उरकत होता. मग कंपनीची माणसं इथल्या घराघरांत जाऊन दाढ्या बघत बसली. दाढी करताना कोणी शेजारी बसून वहीत लिहितंय, हा त्या बिचाऱ्यांना किती गुदगुल्या करणारा अनुभव असेल! त्यातून २०१० मध्ये एकच पातं असलेला, धुवायला सोपा, पंधरा रुपयांचा वस्तरा निघाला आणि तो चालला. वैताग परदेशातून आणता येत नाही, तो इथे येऊन, बसून, बघावा लागतो.

पण व्यक्तिगत निगेच्या खात्यातलं माझं सगळ्यात लाडकं पेटंट ४०,२२,२२७ क्रमांकाचं आहे. १० मे १९७७ ला ते फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या फ्रँक आणि डोनाल्ड स्मिथ या बापलेकांना मिळालं. विषय: अर्धवट टक्कल झाकण्याची पद्धत. यंत्र नाही, तेल नाही, औषध नाही, नुसती पद्धत. बाजूचे आणि मागचे केस वाढू द्यायचे, त्यांचे तीन भाग करायचे, एक भाग टकलावरून पलीकडे न्यायचा, फवारा मारून बसवायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सोबत आकृत्या आहेत. बाणही दाखवलेले आहेत. आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते इग नोबेल पारितोषिक या पेटंटला २००४ मध्ये मिळालं.

मी त्या आकृत्या बघून थक्क झालो. आमच्या बँकेतले हेडक्लार्क. आमचे भूगोलाचे सर. सकाळच्या ८.१२ च्या लोकलमध्ये दारापासून मुद्दाम लांब उभे राहणारे ते गृहस्थ. डावीकडून उसने घेऊन उजवीकडचं कर्ज भागवणारी ही सगळी पिढी अमेरिकेच्या कायद्याचा राजरोस भंग करत होती आणि एकालाही त्याची कल्पना नव्हती! सुदैवानं पेटंटला देशाची सीमा असते, आणि त्या वेळच्या अमेरिकी नियमाप्रमाणे मुदतही १७ वर्षांचीच होती. १९९४ पासून ही पद्धत सर्वांना खुली आहे. वाऱ्याचा बंदोबस्त काय करायचा याचं उत्तर मात्र त्या कागदातही सापडत नाही, आणि भूगोलाच्या सरांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही.

साफसफाईकडे वळलं की वैताग अधिक थोर होत जातो. ह्यूबर्ट सेसिल बूथ या लंडनच्या इंजिनियरनं १९०१ मध्ये एक यंत्र पाहिलं, जे धूळ फुंकून उडवत होतं. धूळ उडून पुन्हा खाली बसायची, हे उघडच होतं. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरात मीही हेच काम करतो. फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असं बूथनं विचारलं. ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यानं एका हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल टाकला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या अंगाला काळा डाग उमटला होता. वेटरला काय वाटलं असेल, याची नोंद इतिहासानं ठेवलेली नाही. बूथचं यंत्र इतकं धिप्पाड होतं की ते घोडागाडीवर बसून दाराशी यायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या आत सोडायचं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानंच झाडले. पुढे लंडनच्या बड्या बायका आपल्या दिवाणखान्यातली धूळ बघायला मैत्रिणींना चहाला बोलावू लागल्या. आपल्याकडे पाहुणे यायच्या आत धूळ लपवतात. तिकडे ती दाखवायला पाहुणे बोलावले जात.

हे धूड घरात आणलं ते एका झाडूवाल्यानं. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानाची झाडलोट करायचा. त्याला दमा होता, आणि गालिच्याच्या धुळीनं जीव नकोसा व्हायचा. त्यानं पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला, आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा लावला. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. ते त्यानं हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याला विकलं, आणि आज इंग्लंडात घर झाडायला लोक जे क्रियापद वापरतात ते व्यापाऱ्याच्या नावाचं आहे. खोकला स्पँगलरचा, नाव हूवरचं. आमच्या कचेरीत हे रोज होतं.

भांडी घासायच्या यंत्राची जोसेफिन कॉक्रेन याहून वेगळी. ती स्वतः भांडी घासून वैतागलेली नव्हतीच. इलिनॉयमधल्या तिच्या घरी नोकर होते, आणि ते तिच्या वडिलोपार्जित चिनी मातीच्या बशांचे टवके उडवायचे. वैताग त्याचा. १८८६ मध्ये तिनं पेटंट घेतलं: तारेच्या कप्प्यांत बशा उभ्या, तांब्याच्या हंड्यात चाक, आणि साबणाच्या गरम पाण्याचा मारा. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते गाजलं, हॉटेलांनी विकत घेतलं. घराघरांत जायला पुढे पन्नासएक वर्षं लागली, आणि आपल्या घरांत शिरायला २०२० ची टाळेबंदी. मावशींना इमारतीत यायला बंदी झाल्यावर चौथ्या दिवशी आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष डिशवॉशरच्या किमती तोंडपाठ म्हणून दाखवत होते. एका शेजाऱ्यांनी घेतलाही. आता त्यांच्याकडे आधी भांडी हातानं विसळतात, खरकटं राहू नये म्हणून. मग यंत्रात लावतात. मग कढई आणि कुकर बाहेर काढून हातानं घासतात, कारण ते त्यात मावत नाहीत. यंत्र उत्तम चाललं आहे.

फरशीचं पुसणं उभ्यानं करता यावं म्हणून झटणारा एक इंजिनियरही मला सापडला. मानुएल हलोन कोरोमिनास, स्पेनच्या हवाई दलातला. अमेरिकेत विमानांच्या छपराखालची फरशी दांड्याच्या फडक्यानं आणि पिळायच्या बादलीनं पुसतात हे त्यानं पाहिलं, आणि १९५६ च्या सुमारास स्पेनमध्ये तशी बादली बनवून विकायला काढली. तोवर तिथल्या बायका गुडघ्यांवर रांगत फरशा पुसत होत्या. पुढे यानंच एकदा वापरून टाकायच्या इंजेक्शनच्या सुया-नळ्यांचा मोठा धंदा उभारला, पण स्पेनमध्ये त्याची आठवण निघते ती फडक्यासाठी. माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता, की जी बादली सत्तर वर्षांपूर्वी स्पेनमधल्या बायकांना गुडघ्यांवरून उठवू शकली, तिला आमच्या मावशी का बधत नाहीत. एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "दादा, उभं राहिलं की घाण दिसत नाही. खाली बसलं की दिसते."

यावर त्या बिचाऱ्या स्पॅनिश इंजिनियरनंही काय उत्तर दिलं असतं?

आणि मग मला फ्रान्सेस गेब भेटली. म्हणजे तिचं पेटंट भेटलं. बाई २०१६ मध्ये एकशे एक वर्षांची होऊन गेली. बाकीच्यांचा वैताग एका वस्तूपुरता होता. हिचा घरापुरता होता, अख्ख्या. ओरेगॉनमधल्या न्यूबर्ग गावी राहणाऱ्या या बाईच्या भिंतीवर एकदा अंजिराच्या मुरंब्याचा ओघळ आला. पुसण्याचा कंटाळा आल्यावर तिनं बागेची नळी आत आणली आणि भिंतीवर सोडली. ओघळ गेला. माझ्या आईनं ही गोष्ट ऐकून दोन्ही हात जोडले, त्या बाईला की तिच्या शेजाऱ्यांना ते कळलं नाही. पुढची कित्येक वर्षं खपून गेबनं स्वतःला स्वतः धुणारं घर बांधलं. प्रत्येक खोलीच्या छताला एक फवारा. कळ दाबली की आधी साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग गरम हवेचे झोत. लाकडी सामानाला राळेचा लेप, पुस्तकांना आणि कागदांना प्लास्टिक, गालिचे नाहीत, पडदे नाहीत. भांडी ज्या कपाटात ठेवायची त्याच कपाटात धुतली जायची, कपडे हँगरवर टांगल्या जागी धुऊन वाळायचे. तिनं छत्री धरायची. आणि सगळ्या खोल्यांची फरशी किंचित उताराची, म्हणजे पाणी आपोआप मोरीकडे जावं; ते तिथून बाहेर पडून कुत्र्याच्या खोपटातून वाहायचं, त्यामुळे कुत्राही धुतला जायचा. १९८४ मध्ये या घराला पेटंट मिळालं, आणि त्यात अडुसष्ट वेगवेगळ्या युक्त्या होत्या.

मी ते वाचून बराच वेळ गप्प बसलो. कुत्र्यापाशी नव्हे, कुत्र्याचं मी समजू शकत होतो. मी अडलो ते उतारापाशी. एका बाईनं, फारसं कोणाचं पाठबळ नसताना, अख्ख्या घराच्या फरशीला उतार दिला आणि पाणी जिकडे जायला हवं तिकडे गेलं? आमची न्हाणी सहा फूट बाय चार फूट. तिची फरशी दोन वेळा उखडून नवी घातली, दोन वेगवेगळे गवंडी लावले, दोघांनीही गोटी सोडून उतार दाखवला. पाणी आजही मोरीकडे पाठ फिरवून देवघराकडे जातं. छताच्या फवाऱ्याचं कौतुक आम्हाला नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, जून ते सप्टेंबर तो आमच्याकडे आहेच. गेबबाईंनी फक्त उताराचं वेगळं पेटंट घेतलं असतं तरी पुरे होतं.

तिचं घर दुसऱ्या कोणी बांधलं नाही. का, ते समजणं अवघड नाही. वैताग तिचा होता, पण तिच्यासारखं छत्री धरून दिवाणखान्यात उभं राहायची तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती.

एवढं वाचल्यावर माझ्याही अंगात आलं. घरात इतका वैताग साठलेला असताना एकही पेटंट नसावं? मी आईच्या आणि बायकोच्या युक्त्यांची यादी केली आणि योग्य त्या भाषेत लिहून काढली. 'मुळात दंतमार्जनासाठी निर्मिलेला, केस झिजून निवृत्त झालेला, एका टोकास छिद्र असलेला दांडा. सदर छिद्रात पायजम्याची नाडी अडकवून ती नेफ्यातून पार नेण्याची पद्धत.' 'संपली असे घोषित झालेल्या टूथपेस्टच्या नळीवर पोळपाटावर लाटणे फिरवून आणखी नऊ दिवस काढण्याची प्रक्रिया.' 'साबणाची झिजलेली चकती नव्या वडीच्या पाठीवर ओली असताना चिकटवून तिला पूर्ण वडीचा दर्जा देणे.' पेटंटच्या कामात असलेल्या एका मित्राला ते दाखवलं. त्यानं चहा संपेपर्यंत धीर धरला.

भारताचा पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला शोध म्हणायचं नाही याची यादी आहे, आणि ती वाचताना आमच्या घरात कोणी लपून बसून लिहिली असावी असं वाटतं. आधीच माहीत असलेल्या, आपापलं काम करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडणी-फेरमांडणी म्हणजे शोध नव्हे: ब्रश आणि नाडी गेली. नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक जिन्नस आपापलेच गुण देतो, तो शोध नव्हे: मी मागाहून घातलेलं आत्याचं उटणं गेलं. क्षुल्लक किंवा निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेली गोष्ट शोध नव्हे. इथे बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे नवऱ्यानं आपण होऊन ओला टॉवेल दोरीवर टाकण्याची पद्धत यात बसणार नाही." मित्र म्हणाला, "नाही वहिनी, निसर्गनियम आडवा येतो." आणि यादीच्या शेवटी सगळ्यात मोठा धोंडा: जे मुळात पारंपरिक ज्ञान आहे, तो शोध नव्हे.

थोडक्यात, अर्ज नामंजूर. कारण: आजी.

आजी आडवी येते म्हणून रागावण्यात अर्थ नाही, कारण तिला आडवं घालण्यासाठी या देशानं एक खटला लढला आहे. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना हळदीनं जखम भरून येते या गोष्टीवर पेटंट मिळालं. संशोधकही भारतीय वंशाचे, म्हणजे लहानपणी गुडघा फुटल्यावर त्यांनाही कोणीतरी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं असणार, "हळद दाब!" त्याविरुद्ध भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं दाद मागितली. तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात वाढलेले. आता अडचण बघा. त्या वेळचा अमेरिकी नियम असा होता, की परदेशात एखादी गोष्ट घरोघर चालते एवढ्यानं भागत नाही. ती कुठेतरी छापलेली दाखवा. साऱ्या भारतातल्या आज्या साक्षीला नेल्या असत्या तरी उपयोग नव्हता. आजी छापील नव्हती. मग जुने ग्रंथ काढले, १९५३ चा वैद्यकीय मासिकातला एक लेख काढला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे परिषदेनं पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संगणकीय कोशच केला: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी, अशा पाच भाषांत. आता आजी जपानीतही छापून आली आहे. राखुंडी लावून दात घासणाऱ्या बाईला याहून मोठा सन्मान कोणता?

आणि गंमत म्हणजे भारतात पेटंटचा पहिला कायदा झाला तो १८५६ मध्ये, आणि त्याखालचा पहिला अर्ज घरातल्या वैतागाचाच होता. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनियरनं पंखा ओढण्याचं कार्यक्षम यंत्र काढलं होतं. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनं ओढत एक माणूस बाहेर ओसरीवर बसायचा. त्याचा डोळा लागला की आत साहेबाला घाम फुटायचा. अर्ज घाम फुटलेल्याचा आहे. ज्याचा डोळा लागायचा, त्याची पूर्वपीठिका कोणी लिहून घेतली नाही.

मध्यंतरी आमच्या यंत्राचं काय झालं ते राहिलंच. तिसऱ्या महिन्यात त्यातलं फिरतं भांडं फिरेनासं झालं. आतला कुठलासा दात मोडला होता. दुकानदारानं तो भाग मिळत नाही असं सांगितलं आणि अख्खं नवीन दाखवलं, सुधारित, त्यावरही तोच शब्द. आम्ही घेतलं नाही. दांड्याचा उपयोग आता माळ्यावरची जळमटं काढायला होतो. झिपऱ्या बायकोनं गाडी पुसायला ठेवल्या. राहिली बादली.

"ताई, ही बादली रिकामीच असेल तर मी नेऊ?" मावशींनी परवा विचारलं. "आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मोठी आहे, बरी पडेल."

नेली. दारातून बाहेर पडताना त्या थांबल्या, मागे वळल्या आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या अंगातल्या बनियनकडे, त्यांनी नीट निरखून पाहिलं. खांद्यापाशी ते विरलं होतं.

"ताई," त्या बायकोला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात हे काढा. आधीच्या फडक्याची मुदत संपली."